आबांनी भिजवलेलं मीठ

आमच्या घरी चूल सगळ्यांची होती, पण लोणच्याची खोली अक्काची. अक्का म्हणजे माझी आत्या, आबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर फार लहान वयात ती माहेरी परतली ती कायमचीच. पुढे माझी आई गेली. मी तेव्हा रांगत होते म्हणतात. मला अक्कानं पोटाशी घेतलं, त्यामुळे आई कशी असते हे मला ठाऊक आहे ते अक्कावरूनच, आणि ती आई कडक होती. फैजपूरच्या बाजूला केळीच्या पट्ट्यात आमचं गाव. घरात माणसं मोजकी. आबा, अक्का, माझा थोरला भाऊ, त्याची बायको यमुनावहिनी आणि मी. मला सगळे गोदी म्हणत. आज मला गोदी म्हणणारं कुणी उरलं नाही, पण लिहायला बसलं की ते सगळे आवाज कानाशी येतात. पहाटेचं जातं, मळ्याकडून येणारी मोटेच्या चाकाची कुरकुर, आणि लोणच्याच्या खोलीचं दार उघडताना अक्काच्या कमरेच्या किल्ल्यांची खळखळ. ती खळखळ ऐकली की आम्ही पोरंटोरं लांब व्हायचो.

त्या खोलीला खिडकी नव्हती. आत पाऊल टाकलं की हिंग, मोहरी, तेल आणि जुन्या मिठाचा असा एक वास यायचा की तोंडाला पाणी सुटायचं आणि भीतीही वाटायची. कैरीचं, लिंबाचं, करवंदाचं, मिरचीचं, ओळीनं बरण्या. पण अक्काचा खरा जीव होता तो खारातल्या भोकरांवर. भोकर म्हणजे गोटीएवढं हिरवं फळ, आत चिकट. चैत्रात झाडं लगडली की आम्ही पाट्या भरून आणायचो. ती उकडायची, थंड करायची, आतली बी काढून टाकायची आणि मोठ्या रांजणात मिठाच्या पाण्यात सोडायची. पाणी इतकं खारट की वर टाकलेला मिठाचा खडा विरघळायला नकार देईल. मग रांजणाच्या तोंडाला धुतलेलं फडकं बांधून तो मागच्या अंगणात ठेवायचा. वर्षभर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, कांदा आणि ते भोकर. मळ्यातल्या गड्यांना, आल्यागेल्याला, बाळंतिणीच्या घरी वाडग्यातून, असं ते भोकर गावभर फिरायचं आणि अक्काचं नाव व्हायचं. तिच्या आयुष्यात दुसरं असं काय होतं ज्याला लोकांनी चांगलं म्हणावं? हे मला आता कळतं.

मीठ त्या वर्षी सांभरचं आलं होतं. नेहमी समुद्राचं यायचं. पण दुकानदार मारवाडी, त्यानं त्याच्या मुलखातलं मागवलं आणि अक्काला सांगितलं, आमच्याकडे वाळवंटात एक मोठं तळं आहे, त्याचं हे मीठ, लोणच्याला याच्यासारखं दुसरं नाही. खडे मोठे होते, आणि उन्हात धरले की त्यांच्यात कुठेकुठे गुलाबीसर झाक दिसायची. मला तर ते फार आवडले. मी दोन खडे ओच्यात लपवून खेळायला नेले होते.

यमुनावहिनी त्या आधीच्या माघात आमच्याकडे आली. धुळ्याच्या पलीकडची. तिची बोली वेगळी, आमची वेगळी. ती 'आहे' म्हणायच्या जागी 'शे' म्हणायची, 'सगळं' म्हणायच्या जागी 'बठ्ठं', आणि विहिरीवर बायका मुद्दाम तिला बोलायला लावून हसायच्या. ती पण हसायची, पण बोलणं बदलायची नाही. कामाला वाघीण. माझे केस ती विंचरायची तेव्हा अक्कासारखे ओढायची नाही. मला तिची इतकी सवय झाली की महिन्याभरात मी तिच्याच अंथरुणाशेजारी माझी गोधडी टाकायला लागले.

भोकरं घातली त्या दिवशी आम्ही तिघी कामाला होतो. वहिनीनं पाणी ओतलं, अक्कानं मीठ. दुसऱ्या दिवशी वहिनी बाहेर बसली. आताच्या मुलींना हे समजावून सांगावं लागतं. पाळी आली की बाईनं चार दिवस बाजूला बसायचं, कशाला शिवायचं नाही, आणि लोणच्यावर तर तिची सावलीसुद्धा पडायची नाही, नाहीतर लोणचं नासतं. अक्का हे तत्त्व म्हणून नाही, तर पाणी उताराकडे वाहतं तसं मानायची.

ऊन त्या साली लवकर तापलं. खानदेशचं ऊन, अंगणात पाय ठेवला तर पोळायचा. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली तशी अक्कानं एक दिवस रांजणाचं फडकं सोडलं आणि ती तशीच उभी राहिली. मी धावत गेले. आतलं पाणी तांबडं झालं होतं. नुसतं गढूळ नाही, कुणी त्यात कुंकू कालवावं तसं. भोकरांच्या अंगावरही तांबूस साय धरली होती.

नासणं वेगळं. नासलेलं आम्ही पाहिलं होतं, बुरशी येते, आंबूस वास सुटतो. पण हा रंग पाहिला आणि कुणी काही बोलायच्या आधीच सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली. रक्ताचाच रंग तो.

"यमुने, इकडे ये," अक्का म्हणाली. "खरं सांग. भोकरं घातली त्या दिवशी तू बरी होतीस?"

"चांगली व्हतू, अक्का."

"दुसऱ्या दिवशी तर बाहेर बसलीस."

"दुसरा दिन बसनू. पैला दिन नही."

"काम पडलंय, आता कसं सांगू, असं वाटलं असंल तुले. वाटतं कधी. सांगून टाक, मी काय खाते का तुले?"

"जे मी करंच नही, ते करं आसं कसं सांगू?"

"मग हे काय आपोआप झालं?"

वहिनी रांजणाकडे बघत म्हणाली, "माले काय ठाऊक? मिठले इचारा."

ती उर्मटपणानं म्हणाली नव्हती, मी शेजारीच होते. पण अक्काला ते लागलं. नासलेल्या भोकरांपेक्षा जास्त लागलं. तिनं रांजण उकिरड्यावर रिकामा करवला, आणि जेवायला बसल्यावर आबांना सांगितलं, "पोरगी खोटं बोलते. आज लोणच्याला बोलली, उद्या आणखी कशाला बोलंल. अखाजीला माहेरी जाऊ द्या. खरं सांगायची बुद्धी झाली की घेऊन येऊ." भाऊ ताटात बघत राहिला. अक्कासमोर बोलायची त्याची हिंमत नव्हती आणि बायकोला खोटी म्हणायचीही नव्हती. बिचारा भाकरीचे तुकडे करत होता, खात नव्हता.

अखाजीला तर सगळ्याच लेकी माहेरी जातात. आमच्या मुलखात तो लेकींचाच सण. त्यामुळे वहिनी गेली तेव्हा गावाला काही कळलं नाही. पण सण सरला, झाडांचे झोके उतरले, घरोघरच्या सुना परतल्या, आणि आमची आली नाही. मग कळलं. विहिरीवर बायका मला विचारायच्या, "गोदे, वहिनी कधी येते गं?" आणि माझ्याकडे न बघता एकमेकींकडे बघायच्या. बैलबाजाराला आलेल्या एका माणसाजवळ वहिनीच्या वडलांनी निरोप पाठवला, पोरीला नेणार असाल तर न्या, नसाल तर तसं सांगा, आम्हालाही लोक विचारतात. आणि इकडे आमच्या एका लांबच्या मावशीनं भावासाठी दुसरी मुलगी सुचवून ठेवली. मी गोधडीत तोंड घालून रडायचे. एकदा घर सुटलेली सून परत येते असं मी कुठं पाहिलं नव्हतं.

आबांचं एक सांगायला हवं. ते केळीतले जाणते म्हणून ओळखले जात, आणि त्यांची एक पद्धत होती. एखाद्या तुकड्यातली केळी खुजी राहिली, पिवळी पडली, की लोक भांडायचे, रान बिघडलं का मुनवाच वाईट होता. मुनवा म्हणजे लावायचा कोंब. आबा भांडायचे नाहीत. त्याच झाडाचा एक मुनवा उचलून ते दुसऱ्याच्या रानात, नदीकडच्या चांगल्या मातीत लावून यायचे. तिथंही तो पिवळा पडला तर खोट मुनव्यात. तिथं तरारला तर खोट रानात. सहा-सहा महिने थांबायचे त्यासाठी. लोक म्हणायचे, आबांना घाई कशी ती माहीत नाही.

तो निरोप आला त्या दिवशी आबा ओसरीवर बसून सुपारी कातरत होते. ते अक्काला म्हणाले, "अक्का, खोट हातात आहे का मिठात, ते बघितलं पाहिजे."

"त्यात काय बघायचं?"

"सून म्हणते मिठाला विचारा. तर विचारू."

अक्का आधी रागावली. मग तिनं अटी घातल्या, आणि त्या अटी ऐकून मला वाटलं की तिलाही आतून बघायचंच होतं. पाणी बाईनं शेंदलेलं नको. भोकरं बाईनं तोडलेली नकोत. भांडं नवं पाहिजे. जागा अशी पाहिजे की जिथं बाई फिरकत नाही. आबा सगळ्याला हो म्हणाले. पोत्याचं तोंड अक्कानं सोडलेलं, तिथं वहिनीचाही हात लागलेला असणार, म्हणून त्यांनी पोतं उलटं केलं आणि खालच्या बाजूनं उसवून मीठ काढलं. कुंभाराकडून कोरी कुंडी स्वतः आणली. मळ्यातल्या खोपीत चूल मांडून जन्मात पहिल्यांदा त्यांनी काही शिजवलं असेल तर ती भोकरं. बोटं भाजून घेतली, चिकट हात धोतराला पुसले, ते धोतर पुढं कधी स्वच्छ झालं नाही. कुंडी त्यांनी खोपीमागं उन्हात ठेवली. मी भाकरी घेऊन जायचे तर मला बांधावरच थांबवायचे. "गोदे, तिथंच ठेव. तुझी सावली पडली म्हणेल अक्का." मी म्हणायचे, मी तर अजून लहान आहे. "असू दे. कायद्यात राहू."

आणि मग वाट बघणं. मी रोज बांधावरून विचारायचे, "आबा, काय झालं?" ते म्हणायचे, "मीठ झालं." म्हणजे वर पातळ पापुद्रा धरलाय मिठाचा, बाकी पाणी स्वच्छ. दिवसांमागून दिवस स्वच्छ. मला आठवतं, मी देवाजवळ मागणं मागायचे की पाणी नासू दे. कुणी असलं मागणं देवाकडे मागितलं नसेल.

इथं मी जरा थांबते, कारण माझी नात, जी कॉलेजात सूक्ष्मजीव शिकवते, ती म्हणाली, आजी, हे लिहिणार असशील तर नीट लिही. तिनं मला एकदा तिच्या प्रयोगशाळेत नेलं आणि दुर्बिणीसारख्या यंत्रातून दाखवलं. काचेवर तांबड्या पाण्याचा एक थेंब, आणि त्यात बारीक बारीक काड्या हलताहेत. ती म्हणाली, हे मिठाच्या तळ्यांत राहणारे जीव. जिथं मासा जगत नाही, गवत उगवत नाही, तिथंच हे सुखात असतात. वाळवंटातलं ऊन जेवढं तापेल, पाणी आटून जेवढं खारट होईल, तेवढे हे वाढतात, आणि त्यांच्या अंगच्या रंगानं अख्खं तळं तांबडं दिसतं. तळं वाळलं तरी मरत नाहीत. मिठाचा खडा धरताना त्यात पाण्याचा कण अडकतो ना, त्या कणात हे बसून राहतात, किती तरी वर्षं. पुन्हा खारट पाणी मिळालं, ऊब मिळाली, खायला काही मिळालं की उठतात. आणि गंमत म्हणजे गोड्या पाण्यात टाकले तर फुटून मरतात. आता तर शास्त्रज्ञ त्यांना जंतूंच्या कुळातही धरत नाहीत, वेगळंच कूळ मानतात म्हणे. मी यंत्राला डोळा लावून किती तरी वेळ बसले. नात म्हणाली, आजी, बास, डोळे दुखतील. तिला काय सांगू, मी कुणाला बघत होते. आमच्या घराची सून ज्यांनी जवळजवळ घालवली आणि ज्यांनी परत आणली, ते हे. मी त्यांना मनातल्या मनात हात जोडले.

कारण ते उठले. एका दुपारी आबा भर उन्हात घरी आले. डोक्याला फेटा नव्हता. फेटा कुंडीभोवती गुंडाळलेला आणि कुंडी छातीशी. भाऊ नुकताच जेवायला बसला होता. आबांनी कुंडी ओसरीवर अक्कासमोर ठेवली आणि फेटा सोडला. पाणी डाळिंबाच्या दाण्यासारखं तांबडं झालं होतं.

अक्का वाकून बघत राहिली. आबा खांबाला टेकून उभे होते, घामानं भिजलेले. फार गंभीरपणानं ते म्हणाले, "अक्का, आता मी चार दिवस कुठं बसू ते सांग. पडवीत का खळ्यात?"

भाऊ हसला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसला, आणि त्याला ठसका लागला. मीही हसले. अक्का हसली नाही. तिनं कुंडीत बोट घातलं, रंग बोटाला लागला तो बघितला, आणि हळू म्हणाली, "मंग ती खरं बोलत होती."

"मीठ तर तसंच म्हणतं," आबा म्हणाले.

नंतर दुकानदाराला विचारलं तेव्हा तो म्हणाला, आमच्याकडे उन्हाळ्यात सगळं तळंच असं होतं, तुम्ही विचारलंच नाही. अक्कानं त्या सालापासून लोणच्याचं मीठ लोखंडी कढईत भाजून घ्यायला सुरुवात केली, आणि पुन्हा कधी रंग आला नाही. माझ्या घरात अजून तसंच भाजतात. पण हे पुढचं. त्या दुपारी तिनं एवढंच म्हटलं, "गोदे, सकाळी लवकर ऊठ. धुळ्याला जायचंय."

भाऊ म्हणाला, "मी जातो, अक्का. तुम्ही कशाला?"

"तू काय बोलला होतास तिले? काही नाही. बोलले मी. मी जाते."

सासरचं बाईमाणूस सुनेला आणायला तिच्या माहेरी जात नाही. नवरा जातो, दीर जातो, गडी पाठवतात. अक्का तर विधवा, देवळाखेरीज कुठं न जाणारी. ती दशम्या बांधून, कुंडीचं तोंड फडक्यानं आवळून, मला घेऊन रेल्वेत बसली. चाळीसगावला गाडी बदलली. सगळा वेळ कुंडी तिच्या मांडीवर. समोरच्या बाईनं विचारलं, "काय नेताय हो त्यात?"

"मीठ."

बाईनं फडक्याला लागलेला डाग बघितला. "तांबडं?"

"हो. तांबडंच असतं कधी," अक्का म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

धुळ्याहून पुढं बैलगाडीनं आम्ही वहिनीच्या गावी पोचलो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. तिचे वडील अंगणात उभे. त्यांनी या म्हटलं, बसा म्हटलं नाही. शेजारच्या दोन-चार बाया लगेच कुडापाशी आल्या. वहिनीची आई दारात. आणि गोठ्याला लागून एक पडवी होती, तिथं एकटीच वहिनी, घोंगडीवर बसलेली. तिला बघताच मी धावणार, तर तिनं लांबूनच हातानं मला थांबवलं.

अक्का बसली नाही. तिनं कुंडी अंगणाच्या मध्ये ठेवली आणि फडकं सोडलं. म्हणाली, "हे माझ्या भावानं केलं. बाईचा हात नाही, सावली नाही. तरी रंग आला. मी तुमच्या पोरीले खोटी म्हणाले होते, माझ्या घरात, सगळ्यांसमोर. खोटी ती नव्हती. हे इथं सगळ्यांसमोर सांगायले आले." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, हुकूम सोडावा तसा.

वहिनीचे वडील कुंडीत बघत राहिले. मग म्हणाले, "आमचं काही म्हननं नही. पोर काय म्हनस ते बघा. तिनी तयारी व्हई तर लई जा."

अक्का पडवीकडे वळली. "यमुने, येतीस का घरी? गाडी थांबवलीय."

वहिनी उठली नाही. मला वाटलं, आता नाही म्हणणार, आणि म्हणाली तर चूक तरी काय. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "अक्का, मी सकायपसून बाहेर बठेल शे. आज येता येवाव नही."

तिनं हे सांगायची गरज नव्हती. उठून गाडीत बसली असती तर अक्काला काय कळणार होतं? अक्कानं गाडीवानाला हात केला, बैल सोड म्हणून, आणि वहिनीच्या आईला म्हणाली, "विहीणबाई, मंग मी थांबते चार दिवस. अंथरूण कुठी टाकू सांगा."

व्याह्यांच्या घरी पाणी प्यायलाही संकोचायचं असे ते दिवस, आणि अक्का चार दिवस राहणार होती, सुनेची वाट बघत. विहीणबाई गोंधळून दारातच उभ्या राहिल्या. वहिनीनं गुडघ्यांत तोंड घातलं होतं, तिचे खांदे हलत होते. तिला जवळ घ्यायला कुणाला जाता येत नव्हतं, ना आईला, ना मला, ना अक्काला. आम्ही सगळ्या आपापल्या जागी उभ्या. मग तशीच, मान वर न करता, ती आईला म्हणाली, "माय, अक्काले तिखं सोसत नही. तिनासाठे वरन येगळं काढजो."